बगळ्याची नंबरप्लेट

डॉर्सी ट्रस्कने लग्नाच्या चौतीस वर्षांत बायकोला दिलेल्या भेटींपैकी फक्त एकच तिला मनापासून आवडली होती, आणि ती गाडीच्या मागच्या बाजूला चार स्क्रूंनी बसवलेली होती. बाकीच्या भेटी, उदाहरणार्थ पाऊस मोजायची नळी किंवा बर्फ खरवडायचं गरम होणारं खुरपं (त्या भागात बर्फ चार वर्षांतून एकदा पडतो), गॅरेजात एका खोक्यात सुखाने नांदत होत्या. नंबरप्लेटची गोष्ट मात्र वेगळी. इमोजीनच्या पन्नासाव्या वाढदिवसाला डॉर्सी गुपचूप काउंटीच्या कार्यालयात गेला, रांगेत उभा राहिला, आणि तिच्या ऑल्डरी कॉलेजची जांभळी प्लेट (थोडे जास्त पैसे भरले की तिकडे कॉलेजच्या चिन्हाची नंबरप्लेट मिळते) घेऊन आला. प्लेटवर एका पायावर उभा असलेला बगळा होता. बगळा हे ऑल्डरीचं चिन्ह. शेजारच्या कॉलेजांनी अस्वल, चित्ता वगैरे आधीच घेऊन टाकल्यामुळे यांच्या वाट्याला बगळा आला असावा, असं डॉर्सीचं मत होतं, पण ते त्याने घरात कधी बोलून दाखवलं नाही.

प्लेट बघून इमोजीन अंगणात गाडीमागे बराच वेळ उभी राहिली होती. मग म्हणाली, "स्क्रू नीट आवळलेत ना?" इमोजीनला ओळखणाऱ्यांना कळेल की हे जवळजवळ रडणंच होतं.

ती घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. चार वर्षं तिथल्याच खाणावळीत भांडी विसळून तिने रसायनशास्त्राची पदवी घेतली, वर्गात दुसरी आली, आणि तेव्हापासून आजतागायत पायनी फोर्क गावाच्या पाण्याची तपासणी करत होती. गावातला प्रत्येक माणूस सकाळी तिच्या सहीचं पाणी पितो, हे वाक्य डॉर्सी पाहुण्यांना दरवेळी ऐकवायचा. डॉर्सीचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. त्याचं शिक्षण म्हणजे एका बुटांच्या दुकानाच्या माडीवर चालणारा भिंगांचा नऊ महिन्यांचा कोर्स. त्याबद्दल त्याला लाज नव्हती. म्हणजे, कुणी विचारत नाही तोवर नव्हती.

घोळाचं मूळ इतकंच, की गुपचूप जायचं म्हणून गाडी आणि प्लेट दोन्ही डॉर्सीच्या नावावर राहिल्या होत्या.

बारा वर्षं कुणाचंच काही बिघडलं नाही. मग राज्याच्या विधिमंडळाने एक कायदा केला: ज्यांच्या गाड्यांवर कॉलेजच्या प्लेटा आहेत, त्यांची नावं आणि पत्ते गाड्यांच्या नोंदणी खात्याने त्या त्या कॉलेजला द्यावेत. म्हणजे कॉलेजांना आपले चाहते सापडतील. ज्याला सापडायचं नसेल त्याने नूतनीकरणाच्या अर्जात तळाशी एका चौकोनात खूण करायची. तो चौकोन तिळाएवढा होता आणि त्याच्या शेजारचा मजकूर त्याहून बारीक. डॉर्सीने तो वाचलाच नाही. उभ्या काउंटीला जवळचं वाचायचे चष्मे विकणाऱ्या माणसाने बारीक अक्षरातली ओळ न वाचता सही ठोकावी, यावर पुढे सहा महिने गाव हसलं.

एप्रिलमध्ये पहिलं पत्र आलं. जाड कागद, वर उठावाचा बगळा. 'प्रिय डॉर्सी, ऑल्डरीच्या हरवलेल्या लेकरा, तू आम्हाला सापडलास.'

डॉर्सीने ते दोनदा वाचलं. चूक उघड होती. तिसऱ्यांदा वाचताना मात्र ती तितकीशी उघड वाटेना. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याला कुठल्याही संस्थेने लेकरू म्हटलं नव्हतं. हे इमोजीनला दाखवू, दोघं हसू, असं म्हणून त्याने पत्र दुकानात नेलं आणि भिंगांच्या कपाटातल्या खालच्या खणात ठेवलं. दुसरं पत्र आलं, तेही तिथेच गेलं. तिसऱ्याबरोबर एक प्रश्नावली होती: 'ऑल्डरीने तुम्हाला काय दिलं?' डॉर्सीने पेन उचललं, खूप विचार केला आणि लिहिलं, 'बायको.' हे अक्षरशः खरं होतं, कारण ती त्याला तिथल्या बसथांब्यावर चष्मा फुटलेल्या अवस्थेत भेटली होती. उत्तर पाठवल्यावर कॉलेजला ते फारच आवडलं. त्यांनी ते मासिकात छापलं, खाली नाव घालून: डॉर्सी ट्रस्क, पायनी फोर्क.

शेजारचा हॉलिस पिकेट पोस्टात सदतीस वर्षं काढून निवृत्त झाला होता, आणि दुसऱ्याच्या टपालात लक्ष घालायची सवय काही नोकरीबरोबर निवृत्त होत नाही. तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "बगळेवाल्यांची बरीच पत्रं येतात रे तुला."

"चूक झालीय त्यांची."

"मग सोपं आहे. पाकिटावर 'मयत' लिही आणि परत टाक. माझ्या अनुभवात याच्यानंतर पत्र येत नाही."

"मी जिवंत आहे, हॉलिस."

"ते पोस्टाला कुठे माहीत असतं," हॉलिस शांतपणे म्हणाला. "नाहीतर सरकारी कार्यालयात जा. पण तिथे गेलास की मयत लिहिणं सोपं वाटेल तुला."

डॉर्सी कुठेच गेला नाही. खरं सांगायचं तर त्याला घाई नव्हती. मे महिन्यात बँकेचा मॅनेजर नवी फ्रेम बसवून घ्यायला आला, आरशात बघत म्हणाला, "मासिकात वाचलं तुझं. माझा मेव्हणा ऑल्डरीचाच. तू कुठल्या वर्षीचा?"

त्या क्षणी खरं बोलायला डॉर्सीला चार शब्द पुरले असते. त्याने मॅनेजरच्या नाकावरच्या फ्रेमची दांडी उगाचच वाकवली आणि म्हणाला, "फार जुनी गोष्ट."

हे 'फार जुनी गोष्ट' तीन दिवसांत चर्चमध्ये पोचलं, तिथून ओपल बँक्स्टनबाईंकडे आणि ओपलबाईंकडून, भाजी निवडता निवडता, इमोजीनकडे.

त्या संध्याकाळी इमोजीन जेवणाच्या टेबलाशी बसली. पुढ्यात मक्याचा पाव आणि घेवडा होता, पण तिने ताटाला हात लावला नाही.

"तू ऑल्डरीचा आहेस असं ऐकलं."

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही असंही म्हटलं नाहीस."

डॉर्सी उठून दुकानात गेला आणि खणातली सगळी पत्रं आणि ते मासिक घेऊन आला. पत्रं सात होती. इमोजीनने ती तारखेप्रमाणे लावली, प्रयोगशाळेत नमुने लावतात तशी, आणि एकेक वाचली. मासिकातलं 'बायको' वाचून तिच्या तोंडावर काहीतरी हललं, पण ते हसू होतं की दुसरं काही, हे डॉर्सीला चौतीस वर्षांच्या अनुभवानंतरही सांगता आलं नाही.

"चाळीस वर्षांत," ती म्हणाली, "मला यातलं एकही आलेलं नाही. मला वाटायचं ते कुणालाच पाठवत नसतील."

ती रागावून बोलली असती तर डॉर्सीला बरं वाटलं असतं. तिने पत्रांचा गठ्ठा नीट केला, त्याच्यासमोर ठेवला आणि भांडी विसळायला उठली. डॉर्सीने त्या क्षणी ठरवलं की हा घोळ आता आपण निस्तरायचा. घोळ खऱ्या अर्थाने सुरू झाला तो तिथून.

प्रथम तो काउंटीच्या कार्यालयात गेला. तिथल्या खिडकीत नॅडीनबाई बसत. त्यांचे तीन चष्मे डॉर्सीने बनवलेले होते, त्यामुळे ओळखीचा फायदा होईल अशी त्याची समजूत होती.

"प्लेट बायकोच्या नावावर करायची आहे."

"गाडी करता येईल," नॅडीनबाई म्हणाल्या. "प्लेट नाही. प्लेट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी तिची होईल, बगळा तुझाच राहील."

"मग बगळा परत घ्या."

"घेते. पण मग ती गाडी बिनप्लेटची. नवी यायला आठ आठवडे. तोवर गाडी चालवलीस तर दंड, आणि उभी करून ठेवलीस तर घरमालकांच्या संघाची नोटीस येते. तुमच्या गल्लीचा संघ कडक आहे."

"बरं, निदान कॉलेजला कळवा की मी तिथे शिकलेलो नाही."

नॅडीनबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, जे तो चष्मा घालून करायचं नसतं आणि डॉर्सीने त्यांना तसं बजावलंही होतं. "तू तिथे शिकलास असं आम्ही कुठे म्हटलंय? तुझ्या गाडीवर बगळा आहे, एवढंच आम्ही म्हणतो. पुढचं कॉलेज म्हणतं."

म्हणून त्याने कॉलेजला फोन लावला. माजी विद्यार्थी विभागात टॅमसिन नावाची मुलगी होती, आवाजाने फार गोड आणि कामाला फार तत्पर. नंतर विचार करताना डॉर्सीला वाटलं, ती थोडी आळशी असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं.

"मिस्टर ट्रस्क, 'बायको'वाले ना तुम्ही? आम्ही सगळे तुमचे चाहते आहोत."

"त्याचंच सांगायचं होतं. ऑल्डरीत मी शिकलो नाही, ती शिकली. इमोजीन फेअरक्लॉथ, रसायनशास्त्र, चौऱ्याऐंशीची तुकडी."

कळा दाबल्याचा टकटक आवाज आला. टॅमसिनचा आवाज एकदम खाली आला. "अरे देवा. मिस्टर ट्रस्क, मला फार वाईट वाटतं."

"कशाचं?"

"त्या गेल्याचं. आमच्या नोंदीत आहे. इमोजीन फेअरक्लॉथ, सत्त्याण्णव साली निधन."

सत्त्याण्णव साली इमोजीनची आई वारली होती. तिचंही नाव इमोजीन फेअरक्लॉथच. वर्तमानपत्रातली ती बातमी ऑल्डरीतल्या कुणीतरी कात्रीने कापून मुलीच्या फाइलला लावली होती आणि सत्तावीस वर्षं ती तिथेच होती.

"ती आत्ता पाण्याच्या टाकीवर गेलीय," डॉर्सी म्हणाला. "क्लोरीन बघायला."

टॅमसिन फार हळुवारपणे म्हणाली, "माझे आजोबासुद्धा आजीबद्दल असंच बोलायचे."

डॉर्सीने पुढची दहा मिनिटं बायको जिवंत असल्याचं पटवण्यात घालवली. जितकं जोर देऊन सांगावं तितकी ती मुलगी अधिक हळवी होत गेली. शेवटी तिने नियम सांगितला: मृत्यूची नोंद घरच्यांच्या फोनवर होते, पण ती काढून टाकायला स्वतः पदवीधराचा सहीचा अर्ज लागतो, नोटरीच्या शिक्क्यासह. आणि अर्ज फक्त नोंदीत हयात असलेल्या पदवीधरांनाच पाठवता येतो.

दोन दिवसांनी फुलं आली. पांढऱ्या लिलींचा भलामोठा गुच्छ, जांभळी फीत, 'ऑल्डरी परिवार तुमच्या दुःखात सहभागी आहे.' गावात फुलांचं दुकान एकच, आणि ते ओपलबाईंच्या सुनेचं. संध्याकाळच्या आत ट्रस्कांच्या दारात तीन बायका दुखवट्याच्या रिवाजाप्रमाणे चिकन-भाताची भांडी घेऊन उभ्या होत्या. दार इमोजीनने उघडलं.

ओपलबाईंच्या हातातलं भांडं कलंडलं. "इमोजीन, अगं, कोण गेलं?"

"मी," इमोजीन म्हणाली. "आत या. हे ओव्हनमध्ये ठेवावं लागेल का?"

चारही बायकांनी मिळून ते जेवण संपवलं. ओपलबाईंचा सल्ला असा होता की डॉर्सीने वकील गाठावा. दुसरीचा असा, की वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी. हॉलिस कुंपणावरून म्हणाला, आता मात्र पाकिटावर 'हयात' लिहून पाठव, तो प्रकार त्याने कधी करून पाहिला नव्हता, पण त्याच न्यायाने हेही चालायला हरकत नव्हती. डॉर्सी नोटरीकडेही जाऊन आला. नोटरी म्हणाला, मी सहीचा शिक्का मारतो, श्वासोच्छ्वासाचा नाही.

इमोजीन या सगळ्यात भाग घेत नव्हती. तिने फुलं फुलदाणीत ठेवली, रोज पाणी बदललं, आणि ते पाणी कसं आहे हेही सवयीने तपासलं. एकदा फक्त डॉर्सीने तिला मागच्या दाराच्या पायरीवर बसलेलं पाहिलं. ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं, डॉर्सी. तिकडे कुणी एकदाही म्हटलं नाही की, थांबा, परवाच तर ती भेटली होती मला."

डॉर्सी शेजारी बसला. इतकं तरी त्याला बरोबर जमलं.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक जाड पाकीट आलं. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं, कॉलेजच्या संघाच्या सामन्याआधीच्या दुपारच्या जेवणाचं निमंत्रण. चौऱ्याऐंशीच्या तुकडीचं चाळिसावं वर्ष होतं. शिवाय, बारा वर्षं सलग बगळा मिरवल्याबद्दल श्री. डॉर्सी ट्रस्क यांना निष्ठेची पिन देण्यात येणार होती. एक पाहुणा आणता येईल.

"मी नाही जात," डॉर्सी म्हणाला.

"जायचं," इमोजीन म्हणाली. "मी तुझी पाहुणी."

ऑल्डरीचं सभागृह जांभळ्या फिती आणि जांभळ्या टायांनी भरलं होतं. दाराशी टॅमसिन होती, प्रत्यक्षात आवाजाहूनही लहान. तिने डॉर्सीचे दोन्ही हात हातात घेतले, छातीवर बिल्ला लावला, 'डॉर्सी ट्रस्क, ऑल्डरी', आणि इमोजीनला दुसरा दिला, त्यावर नुसतं 'पाहुणी' होतं. मग डॉर्सीकडे झुकून कुजबुजली, "तुम्ही पुन्हा कुणाबरोबर तरी आहात हे बघून बरं वाटलं."

डॉर्सीने तोंड उघडलं. इमोजीनने त्याच्या पायावर पाय दिला.

जेवणात कोंबडी, बटाटे आणि पीच घातलेला गोड पदार्थ होता. इमोजीन शांतपणे जेवली. मधूनच मान वळवून भिंतीकडे बघायची. एकदा म्हणाली, "तिथे भांडी घासायची मोरी होती. आता तिथे दानशूरांची नावं लावलीत."

जेवणानंतर कॉलेजचे अध्यक्ष उठले. उंच, रुपेरी केसांचे, घसा साफ करण्यात तरबेज. चौऱ्याऐंशीच्या तुकडीतले जे आज आपल्यात नाहीत त्यांची नावं वाचली जातील, म्हणाले, प्रत्येक नावानंतर घंटा वाजेल. सगळे उभे राहिले. नावं वर्णानुक्रमाने होती. दोन झाली, घंटा वाजली. तीन, चार. समोरच्या टेबलावर जांभळ्या टोपीतली एक बाई रुमाल काढून तयार उभी होती.

"इमोजीन फेअरक्लॉथ," अध्यक्षांनी वाचलं.

घंटा वाजली. टोपीवाल्या बाईने रुमाल डोळ्यांना लावला.

"हजर," इमोजीन म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण टाकीवरच्या पंपांच्या गोंगाटात बोलायची तिला चाळीस वर्षांची सवय होती. सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत तो नीट पोचला. अध्यक्षांनी कागदावरून मान वर केली.

"माफ करा, आपण कोण?"

"इमोजीन फेअरक्लॉथ. रसायनशास्त्र, दुसरा क्रमांक. आत्ता वाजली ती घंटा माझी. माझी आई गेली, मी नाही. तुमची यादी पुढे चालू द्या, बाकीच्यांचा खोळंबा नको."

कुणालाच कसं वागावं कळेना. घंटा वाजवणाऱ्या गृहस्थांनी गोंधळून आणखी एकदा घंटा वाजवली. टॅमसिन दाराशी तोंडावर हात धरून उभी होती. अध्यक्ष मोठे अनुभवी. अवघड प्रसंगी ते कार्यक्रमपत्रिकेतल्या पुढच्या ओळीवर जात. मृतांची यादी अर्धवट सोडून त्यांनी घाईघाईने पुकारलं, "आता निष्ठेची पिन, श्री. डॉर्सी ट्रस्क."

डॉर्सी व्यासपीठापर्यंत गेला. पिन चांदीची होती, बगळा अगदी रेखीव. तिच्याकडे एकदा नीट पाहून घ्यायचा मोह त्याला आवरला नाही. मग त्याने छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

"मी इथे शिकलेलो नाही," तो म्हणाला. "मी एका बुटांच्या दुकानाच्या माडीवर नऊ महिने भिंगं घासायला शिकलो. तुमची पत्रं मला फार आवडली, म्हणून मी सहा आठवडे गप्प बसलो. प्लेट तिच्यासाठी घेतली होती. पिन तिला द्या. कुणाला हे कागदावर हवं असेल तर मी नोटरी घेऊन येतो."

टाळ्या वाजल्या नाहीत, कारण जांभळ्या टोपीतली बाई तोवर खुर्च्या बाजूला ढकलत इमोजीनच्या टेबलाशी पोचली होती आणि सगळे तिकडे बघत होते. ती लुएला स्टोक्स. चारही वर्षं इमोजीनच्या खोलीत राहिलेली.

"सत्तावीस वर्षं," लुएला म्हणाली, आणि तिचा आवाज थरथरत होता, रागाने जास्त. "सत्तावीस वर्षं मी तुझ्यासाठी दर ऑक्टोबरला इथे येऊन रडतेय."

"एखादं पत्र टाकायचं होतंस."

"मेलेल्या माणसाला पत्र कोण टाकतं, इमोजीन? तू का नाही टाकलंस?"

इमोजीनने ओठ चावला. "मला वाटलं तू विसरलीस."

लुएलाने तिला खुर्चीत बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि टेबलावरचा पीचचा पदार्थ जवळ ओढला. "कोण विसरलं ते आता ठरवू. सुरुवात सत्त्याण्णवपासून कर."

त्यांनी सामना पाहिला नाही. सभागृह आवरून खुर्च्या रचल्या गेल्या तरी त्या दोघी तिथेच होत्या. टॅमसिनने त्यांना कॉफी आणून दिली, मग इमोजीनपुढे एक अर्ज ठेवला, आणि स्वतः साक्षीदार म्हणून सही केली. नियमात हे बसत होतं की नाही, हे तिने विचारलं नाही.

डॉर्सी बाहेर गाडीपाशी येऊन बसला. मैदानातून ओरडा ऐकू येत होता. ऑल्डरी हरत होतं. गाड्या लावून देणारी एक म्हातारी बाई, हातात नारिंगी झेंडा, त्याच्या गाडीमागे थांबली. तिने प्लेटवरच्या बगळ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही कुठल्या वर्षीचे?"

"मी नाही," डॉर्सी म्हणाला. "आत बसलीय ती. मी ड्रायव्हर."

"किती वेळ लागेल तिला? साडेपाचला फाटक बंद करायचंय."

डॉर्सीने खिडकीतून सभागृहाकडे पाहिलं. आतून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्यातला एक त्याने फार वर्षांपूर्वी एका बसथांब्यावर ऐकला होता आणि नंतर क्वचितच.

"तुम्ही फाटक बंद करा," तो म्हणाला, आणि सीट मागे करून त्याने पाय लांब केले.